शिंकोकू मारू: एका तेलवाहू जहाजाची युद्धसेवा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पॅसिफिक महासागरातील ट्रुक या जपानी नौदल तळाजवळ बुडालेले 'शिंकोकू मारू' हे मुळात व्यापारी टँकर होते, तर ते जपानी नौदलाच्या सेवेत कसे आले, त्याने युद्धात नेमके काय काम केले, आणि पर्ल हार्बरला गेलेली त्याच्या जोडीची तेलवाहू जहाजे इतक्या लवकर कशी संपली? माझे आयुष्य टँकरवर गेले असून चालत्या जहाजातून दुसऱ्या चालत्या जहाजाला इंधन देण्याचे कामही मी केले आहे. त्यामुळे लढायांच्या वर्णनापेक्षा तेल, पंप, होज आणि वेग यांच्या बाजूने उत्तर देतो. या जहाजाची कहाणी त्याच बाजूने अधिक नीट कळते असे माझे मत आहे.

जपानी नौदलाकडे स्वतःची तेलवाहू जहाजे होती. १९२०च्या दशकात बांधलेला शिरेतोको वर्ग हा त्यांतला मुख्य. परंतु ही जहाजे चौदा नॉटच्या (तासाला चौदा सागरी मैलांच्या) आसपास धावणारी होती आणि १९४० उजाडेपर्यंत ती जुनीही झाली होती. अठरा-वीस नॉटने दीर्घ पल्ला गाठणाऱ्या विमानवाहू युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर त्यांना नेणे म्हणजे सगळ्या ताफ्याचा वेग खाली आणणे होते. नौदलाचा पैसा लढाऊ जहाजांवर खर्च होत होता, म्हणून वेगळी वाट काढण्यात आली. खाजगी कंपन्यांनी वेगवान टँकर बांधावेत, त्यासाठी सरकारने अनुदान द्यावे, आणि वेळ आली की नौदलाने ती जहाजे ताब्यात घ्यावीत, अशी ती व्यवस्था होती. १९३४ पासून कोबे येथील कावासाकी गोदीत एका ठरावीक घाटाची, सुमारे दहा हजार ग्रॉस टनांची डिझेल टँकर जहाजे बांधली जाऊ लागली. सर्वसाधारण व्यापारी टँकर तेव्हा दहा-बारा नॉटने चालत, तर ही जहाजे सोळा नॉट सहज राखत आणि गरज पडल्यास एकोणीसच्या आसपास पोहोचत. मालवाहतुकीच्या हिशेबाने एवढे मोठे इंजिन परवडणारे नव्हते. त्या जादा वेगाची किंमत नौदलाच्या भविष्यातील गरजेपोटी मोजली जात होती, हे टँकरच्या धंद्यातल्या माणसाला आकडे पाहताच समजते.

१०,०२० ग्रॉस टनांचे आणि सुमारे १५० मीटर लांबीचे शिंकोकू मारू याच मालिकेत १९४० मध्ये तयार झाले. या वर्गातील जहाजांचा शांतताकाळातील मुख्य धंदा कॅलिफोर्नियातून जपानला तेल आणण्याचा होता आणि त्यातले पुष्कळ तेल तोकुयामा येथील नौदलाच्या साठवण टाक्यांत जात असे. जपान त्या काळी आपल्या गरजेच्या जवळजवळ ऐंशी टक्के तेल अमेरिकेकडून घेत होता. जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचायनात पाय रोवल्यावर अमेरिकेने २६ जुलैला जपानी मालमत्ता गोठवली आणि १ ऑगस्टला तेलाची निर्यात बंद केली. त्यामुळे ज्या जहाजांचा धंदा अमेरिकन तेलावर चालत होता, ती जहाजे त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेवरील हल्ल्यासाठी इंधन घेऊन निघाली.

नौदलाने जहाज ताब्यात घेतल्यावर काय बदलावे लागते, हे सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला टँकर हे टँकरच वाटते. व्यापारी टँकर बंदरात उभे राहून माल देतो. त्याचे पाइप धक्क्याच्या बाजूने उघडतात आणि होज धक्क्यावरची क्रेन उचलते. समुद्रात चालत असताना तेल द्यायचे तर होज हवेत तोलून धरणारे डेरिक (उचलण्याचे खांब) लागतात, दोरखंड ओढण्यासाठी जादा विंच (दोर गुंडाळणारी यंत्रे) लागतात, पाइपलाइन दोन्ही बाजूंना आणि जहाजाच्या टोकापर्यंत न्यावी लागते, आणि डेकवर या कामासाठी पुरेशी माणसे उभी करावी लागतात. याशिवाय तोफा, त्यांचे गोलंदाज आणि नौदलाचे संदेशवाहक येतात. सर्वांत अवघड भाग मात्र सामानाचा नसून सरावाचा असतो. १९४१च्या शरद ऋतूत या टँकरना युद्धनौकांबरोबर घाईघाईने सराव करावा लागला, कारण तोपर्यंत जपानी नौदलाची युद्धनीती घराजवळच्या पाण्यात शत्रूची वाट पाहण्याची होती. खुल्या महासागरात विमानवाहू नौकांना वारंवार इंधन देण्याची सवय कोणालाच नव्हती.

हवाईकडे जाणाऱ्या ताफ्याच्या पहिल्या पुरवठा गटात क्योकुतो मारू, केन्यो मारू, कोकुयो मारू आणि शिंकोकू मारू ही चार जहाजे होती, तर दुसऱ्या गटात तोहो मारू, तोएई मारू आणि निप्पॉन मारू ही तीन. २६ नोव्हेंबर १९४१ रोजी कुरील बेटांतील एतोरोफू बेटाच्या हितोकाप्पू उपसागरातून ॲडमिरल नागुमो यांचा ताफा निघाला. त्यात सहा विमानवाहू नौका, दोन युद्धनौका, क्रूझर आणि विनाशिका होत्या. व्यापारी जहाजांच्या नजरेस पडू नये म्हणून मुद्दाम उत्तरेचा, हिवाळ्यात ओस पडणारा मार्ग निवडला होता. मार्ग ओस का पडतो, याचे उत्तर तेथील हवामानात होते. त्या भागात डिसेंबर महिन्यात समुद्रात इंधन देता येईल असे दिवस जेमतेम सातच मिळतात, असा नियोजकांचा अंदाज होता. केवळ टँकरवर विसंबून चालणार नाही म्हणून आकागी, सोर्यू आणि हिर्यू या तुलनेने कमी पल्ल्याच्या विमानवाहू नौकांवर तेलाची पिंपे मिळेल त्या मोकळ्या जागेत रचण्यात आली. विमाने, बाँब आणि पेट्रोल असलेल्या जहाजावर तेलाची पिंपे रचायला कोणताही जबाबदार अधिकारी सुखासुखी तयार होत नाही. यावरून त्यांची अडचण किती खोल होती ते कळते.

खरी काळजी मोठ्या जहाजांची नव्हती, विनाशिकांची होती. विनाशिकेच्या टाक्या लहान आणि इंजिने खादाड, त्यामुळे तिला दर थोड्या दिवसांनी तेल लागते. शिवाय तेल संपत आले की तिच्या तळातले वजन कमी होते आणि ती वरजड होऊन जास्त डोलू लागते. १९३४ मध्ये 'तोमोझुरू' ही वरजड बांधणीची लहान टॉर्पेडोनौका वादळात उलटली होती, तेव्हापासून जपानी नौदल स्थैर्याबाबत फार धास्तावलेले होते. उत्तर पॅसिफिकच्या लाटांत अर्ध्या रिकाम्या टाक्यांनी विनाशिका हाकणे कोणालाही मान्य नव्हते. म्हणून समुद्राने थोडी उसंत दिली की लगेच टाक्या भरून घ्यायच्या, असा क्रम ठेवावा लागला.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. विनाशिका टँकरच्या बाजूला येते आणि दोन्ही जहाजे एकाच वेगाने, एकाच दिशेने, समांतर चालतात. दोघांमधल्या पाण्याचा प्रवाह अरुंद जागेतून जाताना वेग घेतो, दाब कमी होतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरच्या माणसाने अंशभर हयगय केली तरी अंतर झपाट्याने बदलते. अंतर वाढले तर होज ताणून फाटतो, कमी झाले तर जहाजे आदळतात. मोठ्या जहाजांसाठी जपानी लोक मागेपुढे राहून, मध्ये जाड दोरखंड आणि होज सोडून तेल देण्याची पद्धतही वापरत. तिच्यात आदळण्याचा धोका कमी असतो, पण वेळ फार लागतो आणि दोरखंडावर लाटेचा प्रत्येक झटका बसतो. त्या प्रवासात दोरखंड तुटले आणि त्यांच्या फटक्याने माणसे समुद्रात फेकली गेली, असे वृत्तांतांत नमूद आहे. ताणलेला जाड दोर तुटतो तेव्हा त्याच्या मागे उभे राहायचे नसते, हे आमच्या कामात नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतात, कारण तो दोर तलवारीसारखा फिरतो.

याखेरीज थंडीचा प्रश्न असतो, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो क्वचितच येतो. बॉयलरसाठीचे जड तेल थंड पाण्यात काकवीसारखे घट्ट होते. ते पंपाने ओढायचे तर टाक्यांच्या तळाशी वाफेच्या नळ्या फिरवून ते आधी गरम ठेवावे लागते. शिंकोकू मारूचे मुख्य इंजिन डिझेलचे असल्यामुळे ही वाफ साहाय्यक बॉयलरमधून मिळवावी लागत असणार. म्हणजे तेल देण्याच्या कित्येक तास आधीपासून इंजिनरूममध्ये तयारी सुरू होते. शिवाय तेल बाहेर जाईल तसे जहाज वर उचलले जाते. त्याचा तोल आणि कल राखण्यासाठी कोणती टाकी आधी रिकामी करायची आणि कोणत्या टाकीत समुद्राचे पाणी घ्यायचे, याचा हिशेब चीफ ऑफिसरला सतत करावा लागतो. अशा अवस्थेत जहाजाला झटकन वळता येत नाही आणि वेगही वाढवता येत नाही. पाणबुडीच्या दृष्टीने याहून सोपे लक्ष्य नाही.

हल्ल्यापूर्वी शेवटचे इंधन देऊन टँकर मुख्य ताफ्यापासून वेगळे झाले आणि परतीच्या वाटेवरील ठरलेल्या ठिकाणांकडे गेले. पर्ल हार्बरवर बाँब पडले तेव्हा शिंकोकू मारू तेथून दूर होते, आणि तसेच असायला हवे होते. नागुमो यांनी पुन्हा हल्ला न करता माघार का घेतली, यावर अजून वाद होतात. इंधन हे त्याचे एकमेव कारण होते असे म्हणणे मला पटत नाही. परंतु टँकरशी ठरलेली भेट चुकली आणि मध्येच हवामान बिघडले तर विनाशिकांचे काय, हा विचार त्यांच्या मनात नसेल असेही संभवत नाही. दुसरीकडे ओआहू बेटावरील उघड्यावरच्या टाक्यांत सुमारे ४५ लाख बॅरल तेल होते, आणि त्याला धक्काही लागला नाही. समुद्रात तेल देण्याची एवढी तजवीज करून निघालेल्या ताफ्याने शत्रूचे तेल तसेच ठेवावे, ही गोष्ट माझ्यासारख्या माणसाला आजही खटकते.

पुढच्या चार महिन्यांत नागुमो यांचा ताफा रबाऊलपासून १९ फेब्रुवारी १९४२ च्या डार्विनवरील हल्ल्यापर्यंत आणि तेथून जावाच्या दक्षिणेपर्यंत फिरला, आणि त्याच्या मागे-पुढे हेच टँकर फिरत राहिले. २६ मार्चला सेलेबीसच्या स्टारिंग उपसागरातून तो हिंदी महासागराकडे निघाला. 'कागा' या विमानवाहू नौकेला पालाऊ बेटांजवळ खडकाचा दणका बसल्यामुळे यावेळी पाचच विमानवाहू नौका होत्या. शिंकोकू मारू या मोहिमेच्या पुरवठा गटात होते. ५ एप्रिलला कोलंबो आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ले झाले. 'डॉर्सेटशायर' व 'कॉर्नवॉल' या क्रूझर आणि 'हर्मिस' ही विमानवाहू नौका बुडाली. ९ तारखेला बुडालेल्यांत 'अथेलस्टेन' आणि 'ब्रिटिश सार्जंट' ही दोन ब्रिटिश टँकर जहाजेही होती, याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही.

या मोहिमेत दोन्ही बाजूंच्या तेलव्यवस्थेतला फरक स्पष्ट दिसतो. ब्रिटिश ॲडमिरल सॉमरव्हिल श्रीलंकेच्या दक्षिणेला नागुमोंची वाट पाहत थांबले होते. जपानी ताफा अपेक्षित दिवशी आला नाही आणि इकडे त्यांच्या जुन्या युद्धनौकांचे पाणी व विनाशिकांचे इंधन संपत आले. म्हणून त्यांना मालदीवमधील अड्डू प्रवाळद्वीपावर तेल-पाणी घ्यायला परतावे लागले, आणि ते तेथे पोहोचले तेव्हाच जपानी ताफा दिसल्याची बातमी आली. नागुमो मात्र तळापासून हजारो मैल दूर असूनही समुद्रातच टाक्या भरत होते. सॉमरव्हिल यांनी नंतर संथ युद्धनौका आफ्रिकेच्या किलिंदिनी बंदराकडे पाठवल्या आणि वेगवान जहाजे घेऊन ते मुंबईला आले. एप्रिल १९४२ मध्ये 'वॉरस्पाइट' आणि दोन विमानवाहू नौका मुंबईत दिसल्या त्याचे हे कारण होते.

पॅसिफिकमधील मिडवे बेटावरच्या मोहिमेतही शिंकोकू मारू नागुमोंच्याच पुरवठा गटात होते. ताफा २७ मे रोजी हाशिराजिमाहून निघाला, दाट धुक्यातून गेला, आणि ४ जूनला चार विमानवाहू नौका गमावून परतला. तेलवाहू जहाजांना त्या लढाईत करण्यासारखे काही नव्हते. एकच नोंद करण्यासारखी आहे: नागुमोंच्या गटाखेरीज वेगळ्या गटातील 'आकेबोनो मारू' या टँकरला आदल्या रात्री अमेरिकन कॅटॅलिना विमानाने पाणतीर (टॉर्पेडो) मारला, तरीही तो आपल्या गतीने चालत राहिला. टँकरचे पोट अनेक बंद टाक्यांत विभागलेले असते, त्यामुळे एका छिद्राने तो सहसा बुडत नाही. मिडवेच्या त्या एका मोहिमेत जपानी नौदलाने शांतताकाळात वर्षभर पुरले असते त्याहून अधिक तेल जाळले, असे सांगितले जाते. टँकरच्या संख्येकडे पाहिले तर ते पटण्यासारखे आहे.

येथून पुढे शिंकोकू मारूच्या सेवेचे स्वरूप बदलते, आणि प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर येथे आहे. बोर्निओतील तारकान व बालिकपापन आणि सुमात्रातील पालेंबांग ही तेलक्षेत्रे जपानच्या हाती आली होती. तेल जमिनीत भरपूर होते, आणण्यासाठी जहाजे नव्हती. युद्धाच्या आरंभी जपानकडे सगळे मिळून सुमारे ५,७५,००० ग्रॉस टन टँकर होते, आणि त्यातच मायदेशाची वाहतूक, ट्रुकसारख्या पुढच्या तळांचा पुरवठा आणि ताफ्यासोबत जाणे ही तिन्ही कामे भागवायची होती. सॉलोमन बेटांतील ग्वादलकॅनालची लढाई सुरू झाल्यावर संपूर्ण संयुक्त आरमार ट्रुकला येऊन बसले. तेथे तेलविहिरी नाहीत, त्यामुळे प्रत्येक थेंब जहाजानेच आणावा लागे. शिंकोकू मारू आणि त्याच्या भावंडांना या फेऱ्यांना जुंपण्यात आले. यामातोसारख्या प्रचंड युद्धनौका ट्रुकमध्ये नांगरून पडल्या याचे एक कारण हेच होते की त्यांना बाहेर काढले तर विनाशिकांना तेल उरत नसे.

पाणबुड्यांनी याच फेऱ्या हेरल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये ट्रुकच्या परिसरात 'गजन' या अमेरिकन पाणबुडीच्या हल्ल्यात शिंकोकू मारूचे नुकसान झाले, पण ते दुरुस्त होऊन परत कामाला लागले. त्या काळी अमेरिकन पाणतीर फार बेभरवशाचे होते. २४ जुलै १९४३ रोजी 'तिनोसा' या पाणबुडीने ट्रुककडे निघालेल्या 'तोनान मारू क्रमांक ३' या व्हेलशिकारीच्या कारखाना-जहाजावर, जे तेव्हा तेल वाहत होते, पंधरा पाणतीर सोडले आणि त्यांतील अकरा आपटूनही फुटले नाहीत. जपानी नौदलाच्या टँकरना मिळालेले आयुष्य काही अंशी या सदोष पाणतीरांमुळे होते. १९४३च्या शरद ऋतूत तो दोष दूर झाला आणि त्याच सुमारास टँकरना अग्रक्रमाचे लक्ष्य ठरवण्यात आले. काफिल्यांच्या संरक्षणासाठी जपानने स्वतंत्र मुख्यालय उभे केले तेव्हा नोव्हेंबर १९४३ उजाडला होता. दोन वर्षे हे वेगवान टँकर अनेकदा एका-दोन लहान रक्षकनौकांसह, कधी एकटेच, त्याच त्या मार्गांवरून जात होते. माझ्या मते जपानी नौदलाची सर्वांत महागडी चूक येथे आहे: जे जहाज सहजी पुन्हा बांधता येणार नव्हते, त्याला साध्या हमालासारखे वापरले गेले आणि हमालाएवढेच संरक्षण दिले गेले.

पर्ल हार्बरला गेलेल्या सात टँकरांचा हिशेब पाहा. तोएई मारू १८ जानेवारी १९४३ रोजी 'सिल्व्हरसाइड्स' पाणबुडीने बुडवले. तोहो मारू २९ मार्च १९४३ रोजी मकासर सामुद्रधुनीत 'गजन'ने. निप्पॉन मारू आणि केन्यो मारू एकाच दिवशी, १४ जानेवारी १९४४ रोजी, अनुक्रमे 'स्कॅम्प' आणि 'गार्डफिश' यांनी. कोकुयो मारू ३० जुलै १९४४ रोजी 'बोनफिश'ने, आणि क्योकुतो मारू २१ सप्टेंबर १९४४ रोजी मनिला येथे विमानांनी. सातांपैकी पाच पाणबुड्यांना बळी पडले, आणि सातांपैकी एकही मोठ्या आरमारी लढाईत बुडाले नाही.

सातवे शिंकोकू मारू. ४ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन टेहळणी विमाने ट्रुकवरून उडून गेल्यावर जपानी संयुक्त आरमाराचे प्रमुख ॲडमिरल कोगा यांनी धोका ओळखला आणि १० तारखेला 'मुसाशी'सह मुख्य युद्धनौका तेथून हलवल्या. पुरवठ्याची जहाजे मात्र लगूनमध्येच (प्रवाळांनी वेढलेल्या पाण्यातच) राहिली, कारण ती ज्या तळाला माल देत होती तो तळ तेथेच होता. १७ आणि १८ फेब्रुवारीला अमेरिकन विमानवाहू नौकांनी ट्रुकवर सलग दोन दिवस हल्ले केले. तीसहून अधिक व्यापारी व पुरवठा जहाजे, मिळून सुमारे दोन लाख टन, आणि किनाऱ्यावरचे सुमारे १७,००० टन इंधन नष्ट झाले. तेलवाहू जहाजांत शिंकोकू मारूबरोबर फुजिसान मारू, होयो मारू आणि पाणतीर न फुटल्याने वाचलेले ते तोनान मारू क्रमांक ३ बुडाले. शिंकोकू मारूला निर्णायक घाव मागच्या भागात, डाव्या बाजूला, इंजिनरूमच्या आसपास बसला. टँकरमध्ये सगळ्यात नाजूक जागा तीच. तेलाच्या टाक्या फुटल्या तरी जहाज तरंगत राहते, पण इंजिनरूम ही एकच मोठी पोकळी असते. ती भरली की मागचे टोक खाली जाते आणि पंप व वीज दोन्ही बंद पडून पाणी उपसण्याचा मार्गच उरत नाही.

आज हे ठिकाण मायक्रोनेशियातील चूक राज्यात येते. जहाज तळाशी सरळ उभे आहे. ब्रिजचा वरचा भाग पृष्ठभागापासून जेमतेम बारा मीटरवर असल्याने पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हर लोकांना ते फार आवडते, आणि मऊ प्रवाळांनी ते पुरते झाकले गेले आहे. तोनान मारू १९५१ मध्ये वर काढून पुन्हा व्हेलशिकारीला लावण्यात आले. होयो मारू उलटे पडलेले असून त्यातून तेल झिरपताना आढळले आहे, आणि गंजणाऱ्या पत्र्यांमुळे इतर टँकरच्या टाक्यांचीही काळजी तज्ज्ञ व्यक्त करतात.

ट्रुकनंतर महिना-दीड महिन्यातच, ३०-३१ मार्चला पालाऊवर असाच हल्ला झाला. त्यात साता, इरो आणि ओसे ही नौदलाची तेलवाहू जहाजे, तसेच आकेबोनो मारू व आमात्सू मारू बुडाली. टँकरच्या या टंचाईत जपानी आरमाराला टँकरची वाट पाहण्याऐवजी स्वतःच तेलाजवळ, सिंगापूरलगतच्या लिंगा येथे आणि नंतर तावी-तावीला, जाऊन राहावे लागले. जूनमधील फिलिपीन समुद्राच्या लढाईत २० तारखेला अमेरिकन विमानांच्या माऱ्याने आणखी दोन टँकर, गेन्यो मारू आणि सेइयो मारू, गेले. ऑक्टोबरमध्ये फिलिपीन्समधील लेते बेटाकडे निघताना ॲडमिरल कुरिता ब्रुनेईला पोहोचले तेव्हा टँकर आलेले नव्हते, म्हणून मोठ्या जहाजांच्या टाक्यांतून लहान जहाजांना तेल देणे सुरू करावे लागले. पुढे जाण्यासाठी त्यांनी तेल कमी लागेल असा पलावान बेटालगतचा जवळचा सागरी मार्ग घेतला. २३ ऑक्टोबरच्या पहाटे तेथेच 'डार्टर' आणि 'डेस' या दोन पाणबुड्यांनी 'आतागो' आणि 'माया' या क्रूझर बुडवल्या, आणि बुडालेली 'आतागो' ही कुरितांची ध्वजनौका होती.